कॅप्टन मॅथ्यू वेब

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांला एक प्रश्न नेहमीं विचारतात. पोहण्याच्या मुख्य तऱ्हा चार. त्यांपैकीं कोणत्या तऱ्हेवर अधिक वेळ खर्चावा? कोणत्याहि जलतरण-तलावाच्या कांठीं घटकाभर उभें राहिलें तर याचें उत्तर डोळ्यांनाच मिळतें. प्रौढ पोहणारे, मग ते शर्यतीसाठीं पोहत असोत वा प्रकृतीसाठीं, आपल्या सरावाचा सर्वांत मोठा भाग क्रॉल या तऱ्हेला देतात. पालथें पडून, एकामागून एक हात पाण्याबाहेरून पुढें टाकीत, पाय वरखालीं हालवीत जाण्याची ही तऱ्हा होय. ज्यांची शर्यत ब्रेस्ट-स्ट्रोकची किंवा पाठीवर पोहण्याची, तेहि सरावांतील पुष्कळसें अंतर क्रॉलनेंच तोडतात. असें असतां, समुद्र पोहून जाण्याच्या इतिहासांत ज्याचें नांव प्रथम घेतलें जातें, त्या पुरुषानें आपली सारी मेहनत एका निराळ्याच आणि संथ तऱ्हेवर केली. तो पुरुष म्हणजे कॅप्टन मॅथ्यू वेब. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. त्यांत शौर्य आहे, तसें दुःखहि आहे. आणि पालकांनीं तें आपल्या मुलांबरोबर बसून वाचावें अशी आमची इच्छा आहे.

इंग्लंडच्या पश्चिम भागांत श्रॉपशायर नांवाचा परगणा आहे. त्यांतील डॉली या गांवीं १८४८ सालच्या जानेवारीच्या १९ तारखेस मॅथ्यूचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य होते आणि घरांत मुलांचा मोठा मेळा होता. हा प्रदेश कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या भट्ट्यांचा. जवळूनच सेव्हर्न नदी वाहते. लोखंडाचा जगांतील पहिला मोठा पूल १७७९ सालीं याच नदीवर उभा राहिला. या नदीच्या पाण्यांत मॅथ्यू सात-आठ वर्षांचा असतांनाच पोहावयास शिकला. पुढें १८६३ सालीं त्याचा एक भाऊ याच नदींत बुडूं लागला असतां मॅथ्यूनें उडी टाकून त्यास कांठावर ओढून आणिलें. मुलगा नदीवर गेला कीं आईच्या जिवाला घोर लागतो, हें आम्ही जाणतों. परंतु त्या दिवशीं वेबांच्या घरीं एका मुलाचे प्राण दुसऱ्याच्या पोहण्यानें वांचले, हेंहि विसरतां येत नाहीं.

वयाच्या बाराव्या वर्षीं मॅथ्यू लिव्हरपूलजवळ मर्सी नदींत उभ्या असलेल्या कॉनवे नांवाच्या शिक्षण-जहाजावर दाखल झाला. तेथें खलाशीपणाचे पहिले धडे घेऊन तो हिंदुस्थान व चीन यांच्याशीं व्यापार करणाऱ्या जहाजांवर उमेदवारी करूं लागला. अंगानें तो उंच नव्हता, पण छातीनें रुंद आणि पाण्यांत न थकणारा होता. पोहण्यांत त्याच्याहून वेगवान् अशीं मुलें कॉनवेवर होतीं. परंतु पाण्यांत टिकून राहण्यांत त्याची बरोबरी करणारें कोणी नव्हतें.

त्याच्या अंगच्या या गुणाची कसोटी १८७३ सालच्या एप्रिलमध्यें लागली. तो रशिया नांवाच्या आगबोटीवर खलाशी म्हणून न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे येत होता. अटलांटिक महासागर खवळलेला होता, आणि शिडाचें काम करणारा एक खलाशी वरून समुद्रांत पडला. बोट पूर्ण वेगांत होती. वेबनें क्षणाचाहि विचार न करितां मागोमाग उडी टाकली. तो खलाशी सांपडला नाहीं; त्याची टोपी मात्र हातीं लागली. बोट थांबून, तिच्यावरची होडी खालीं सोडून वेबला वर घेईपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला, आणि तेवढा वेळ तो त्या थंडगार लाटांत एकटाच तरंगत राहिला. ज्याच्यासाठीं उडी घेतली तो वांचला नाहीं, म्हणून ही गोष्ट निष्फळ असें कोणी म्हणेल. पण त्या देशाच्या रॉयल ह्यूमेन सोसायटीस तसें वाटलें नाहीं. जीव वांचविण्याच्या कामीं वर्षांतील सर्वांत मोठें धैर्य दाखविणाऱ्यास द्यावयाचें स्टॅनहोप सुवर्णपदक त्याच सुमारास स्थापन झालें होतें, आणि तें प्रथम मिळविण्याचा मान वेबचा आहे.

यानंतर त्याच्या मनांत एका नव्या विचारानें घर केलें. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्राची खाडी डोव्हरजवळ सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारें २१ मैल आहे. १८७२ सालीं जॉन्सन नांवाच्या एका पोहणाऱ्यानें ती पोहून जाण्याचा प्रयत्न केला होता, आणि तासाभरांतच त्याला पाण्याबाहेर यावें लागलें होतें. ही हकीकत वेबनें वर्तमानपत्रांत वाचली. पुष्कळांनीं ती वाचून पान उलटलें असेल. वेबच्या मनांतून ती जाईना. तो एमराल्ड या आगबोटीचा कप्तान झाला होता, पण ती नोकरी सोडून तो लंडनला आला व सरावास लागला.

तो ब्रेस्ट-स्ट्रोक पोहत असे. बेडूक जसा हातपाय आखडून पुन्हां पसरतो, तसे दोन्ही हात छातीपासून एकदम पुढें सोडावयाचे, मग बाजूंस फांकवून पाणी मागें सारावयाचें, आणि त्याच वेळीं गुडघे दुमडून पायांचा फटका मारावयाचा, अशी ही तऱ्हा. त्या काळीं इंग्लंडांत सभ्य माणसाचें पोहणें म्हणजे हेंच. क्रॉलसारखें पोहणें जगांत नव्हतें असें मात्र समजूं नये. १८४४ सालीं उत्तर अमेरिकेंतील दोन आदिवासी लंडनला आले असतां त्यांनीं हात पाण्याबाहेरून गरगर फिरवीत पोहून दाखविलें होतें. त्यांचा वेग डोळ्यांदेखत दिसत होता; तरी पाहणाऱ्या इंग्रजांना तें पाणी उडविणें रानटी वाटलें, आणि त्यांनीं तिकडे पाठ फिरविली. पुढें १८७३ सालीं ट्रजन नांवाच्या तरुणानें दक्षिण अमेरिकेंत शिकलेली हात बाहेर काढून पोहण्याची तऱ्हा लंडनमधील लॅम्बेथच्या पोहण्याच्या हौदांत दाखविली. याच लॅम्बेथच्या हौदांत वेबनेंहि आपला सराव केला. परंतु वेबला वेगाची शर्यत जिंकावयाची नव्हती. आपल्या शेजारच्या माणसाची चांगली विद्या केवळ ती परकी म्हणून टाकणाऱ्या त्या पिढीला आम्ही दोष देतों, पण वेबच्या कामापुरती त्याची जुनी तऱ्हा चुकीची नव्हती, असें आमचें मत आहे. तें कां, हें लवकरच दिसेल.

हौदांत शिकलेलें समुद्रांत पुरत नाहीं, हें तो खलाशी असल्यामुळें जाणून होता. म्हणून थंड पाण्याची संवय व्हावी यासाठीं तो उघड्या नदींत व समुद्रांत तासन्‌तास पोहूं लागला. १८७५ सालच्या जुलैच्या आरंभीं टेम्स नदींतून ब्लॅकवॉलपासून ग्रेव्हसेंडपर्यंत सुमारें २० मैल तो पोहून गेला. ओहोटीचा प्रवाह त्याला साह्यकारी होता, तरी पांच तासांच्या आंत त्यानें हें अंतर काटलें. त्यानंतर ऑगस्टच्या १२ तारखेस त्यानें खाडीचा पहिला प्रयत्न केला. वारा वाढला, समुद्र उसळला, आणि सुमारें सात तासांनंतर त्यास होडींत चढावें लागलें. बारा दिवसांनीं तो पुन्हां डोव्हरच्या धक्क्यावर उभा होता.

१८७५ सालच्या ऑगस्टची २४ तारीख. दुपारचा एक वाजण्यास चार मिनिटें कमी असतांना वेबनें धक्क्यावरून समुद्रांत उडी टाकली. थंडी लागूं नये म्हणून अंगाला एका जलचराचें तेल चोपडलेलें होतें. कमरेला लाल रेशमी चड्डी होती. डोळ्यांना चष्मा नाहीं, डोक्याला टोपी नाहीं. त्याच्याबरोबर तीन होड्या चालल्या होत्या, आणि त्यांत पंच व वर्तमानपत्रांचे बातमीदार बसले होते. नियम असा कीं, वेबनें होडीला वा माणसाला हात लावावयाचा नाहीं. त्याचे हात मिनिटाला वीस-पंचवीस या संथ मानानें चालूं लागले, आणि तें मान त्यानें कित्येक तास फारसें ढळूं दिलें नाहीं.

या खाडींत पोहणाऱ्याचा खरा शत्रु अंतर नव्हे. भरतीचा प्रवाह पाण्याला एका दिशेनें रेटतो, आणि सुमारें सहा तासांनीं ओहोटीचा प्रवाह तेंच पाणी उलट दिशेनें ओढतो. पोहणारा नाकासमोर फ्रान्सकडे जात असला तरी खालचा समुद्र त्याला आडवा वाहून नेत असतो; नकाशावर त्याचा मार्ग नागमोडी उमटतो. २१ मैलांची खाडी ओलांडण्यास वेबला असे सुमारें ३९ मैल जावें लागलें. रात्र पडली. अंधारांत एका जेलीफिशचा दंश त्याच्या खांद्यास झाला. आग कमी व्हावी म्हणून त्यानें थोडी ब्रँडी घेतली व पुन्हां हात चालू केले. अधूनमधून होडींतून त्याला गरम कॉफी, मांसाचा काढा व माशाचें तेल देत. हें सारें तो पाण्यांत उभ्याउभ्या तरंगत घेई.

पहांटे फ्रान्सचा किनारा इतका जवळ दिसूं लागला कीं, आतां काम झालें असें होडीवाल्यांस वाटलें. तेथेंच खरी परीक्षा होती. ग्री-ने नांवाच्या भूशिरापाशीं प्रवाह फिरला, आणि त्यानें वेबला किनाऱ्याजवळ येऊं न देतां किनाऱ्याच्या बाजूबाजूनें ओढीत नेलें. असे जवळजवळ पांच तास गेले. जमीन समोर आहे, घरें दिसत आहेत, आणि हात मारले तरी ती जवळ येत नाहीं! ज्यानें आदल्या दुपारपासून विश्रांति घेतली नाहीं, त्याच्या मनावर यानें काय झालें असेल, याचा विचार वाचकांनींच करावा. वारा सुटून लाटा उठल्या होत्या. कॅले बंदराची एक टपालाची आगबोट त्याच्याजवळ येऊन तिच्यावरील खलाशांनीं गाऊन त्याचा हुरूप वाढविला. शेवटीं २५ तारखेस सकाळीं १० वाजून ४१ मिनिटांनीं कॅलेजवळच्या वाळूला त्याचे पाय लागले. पाण्यांत उडी टाकल्यापासून २१ तास ४५ मिनिटें झालीं होतीं. कोणत्याहि साधनाच्या आधाराशिवाय ही खाडी पोहून गेलेला तो पहिला मनुष्य ठरला.

आतां त्याच्या तऱ्हेचा विचार करूं. ब्रेस्ट-स्ट्रोक मंद कां? हात व गुडघे पुन्हां पुढें आणावयाचे ते पाण्यांतूनच आणावे लागतात, आणि तेंच पाणी त्यांना अडवितें. त्यामुळें प्रत्येक हाताला शरीर पुढें उसळतें व पुन्हां जवळजवळ थबकतें. क्रॉलमध्यें हात हवेंतून पुढें जातो, एक हात पुढें येत असतां दुसरा पाणी ओढीत असतो, आणि शरीर आडवें व सरळ राहिल्यानें गति तुटत नाहीं. यांतील फरक किती, हें शंभर मीटरच्या शर्यतीवरून समजेल. ब्रेस्ट-स्ट्रोकचा ५६.८८ सेकंदांचा विक्रम अ‍ॅडम पीटी यानें २०१९ सालीं केला, तर क्रॉलनें पान झान्ले यानें २०२४ सालीं पॅरिस येथें तेंच अंतर ४६.४० सेकंदांत तोडलें. म्हणूनच आज सरावाचा मोठा वाटा क्रॉलला मिळतो. थोड्या वेळांत अधिक अंतर होतें, श्वास व हृदय यांना सतत काम मिळतें, आणि ब्रेस्ट-स्ट्रोकच्या फटक्यानें गुडघ्यांवर जो ताण पडतो तो येथें पडत नाहीं.

परंतु १८७५ सालीं पाण्यांत घालावयाचे चष्मे प्रचारांत नव्हते, आणि वेबला रात्रभर खारट पाण्यांत राहावयाचें होतें. ब्रेस्ट-स्ट्रोकनें तोंड पाण्यावर राहतें. होडीचा दिवा दिसतो, सोबत्यांचा आवाज ऐकूं येतो, दर हाताला मोकळा श्वास मिळतो. शिवाय हीच तऱ्हा त्याच्या अंगांत लहानपणापासून इतकी मुरली होती कीं, हात कसा टाकावा याचा विचार त्यास करावा लागत नसे. सारें मन समुद्राकडे देतां येई. क्रॉल श्रेष्ठ, हें आम्ही मान्य करितों. तरी ज्याला अर्धा तास क्रॉल करून दम लागतो, त्यानें एकवीस तास हात चालविणाऱ्या या जुन्या तऱ्हेला हंसूं नये.

इंग्लंडांत परत आल्यावर वेबचा जो सत्कार झाला त्याचें वर्णन करण्याची गरज नाहीं. लंडनच्या रोखे-बाजारांतील व्यापाऱ्यांनीं त्याच्यासाठीं मोठा निधि जमविला, आगपेट्यांवर त्याचें चित्र छापलें गेलें, आणि गांवोगांव मुलांना पोहणें शिकविण्याची टूम निघाली. त्यानें पोहण्याच्या कलेवर एक पुस्तकहि लिहिलें. येथें हें चरित्र संपतें तर फार बरें झालें असतें.

पण कीर्तीनें पोट भरत नाहीं. वेबनें जहाजाची नोकरी सोडली होती, आणि पोहणें हाच आतां त्याचा धंदा झाला. आरंभीं व्याख्यानें व शर्यती यांवर चांगलें भागलें. पुढें लोकांची नवलाई ओसरली. मग अधिकाधिक विचित्र खेळ करावे लागले. सहा-सहा दिवस चालणाऱ्या शर्यती झाल्या. अमेरिकेंत जाऊन तेथेंहि शर्यती झाल्या. आणि एकदां तर पाण्याच्या टाकींत जवळजवळ अखंड १२८ तास तरंगत राहून त्यानें तिकिटें काढून आलेल्या लोकांची करमणूक केली. अटलांटिकमध्यें खलाशासाठीं उडी घेणारा तो हाच पुरुष! आम्हांला हा भाग लिहितांना वाईट वाटतें. १८८० सालीं त्याचें मॅडेलीन चॅडॉक हिच्याशीं लग्न झालें, दोन मुलें झालीं, खर्च वाढला. प्रकृतीहि पूर्वींसारखी राहिली नव्हती, आणि जवळच्या मंडळींनीं त्याला विश्रांति घेण्याचा सल्ला दिला होता.

अशा स्थितींत त्यानें नायगाराचा बेत केला. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील या प्रचंड धबधब्याच्या खालीं नदी एका अरुंद घळींत शिरते, तेथें तिचें पाणी उंच उसळत धांवतें, आणि पुढें नदी एकदम वळते तेथें मोठा भोंवरा झाला आहे. ही उसळी व हा भोंवरा पोहून पार करण्याचें वेबनें जाहीर केलें. तसें केल्यास मोठी रक्कम हातीं येईल अशी त्याला आशा होती. ज्यांना ती नदी ठाऊक होती त्यांनीं हें मरण आहे असें स्पष्ट सांगितलें. १८८३ सालच्या जुलैच्या २४ तारखेस दुपारीं चारनंतर एका लहान होडींतून तो प्रवाहाच्या तोंडाशीं गेला. अंगावर खाडी पोहतांना घातलेली तीच लाल चड्डी होती. त्यानें उडी टाकली. कांठावरच्या लोकांना तो कांहीं वेळ लाटांवर दिसला, पहिल्या उसळींतून तो बाहेरहि आला. मग भोंवऱ्याच्या बाजूला तो दिसेनासा झाला. चार दिवसांनीं त्याचें प्रेत खालच्या अंगास सांपडलें. बुडून नव्हे, तर पाण्याच्या भयंकर दाबानें शरीर लुळें पडून त्याचा अंत झाला, असें तपासणींत ठरलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें ३५ वर्षांचें होतें.

खाडींत त्याला तारणाऱ्या गोष्टी म्हणजे हाताची ठरीव लय, धीर, आणि प्रवाह फिरण्याची वाट पाहण्याची शक्ति. नायगाराच्या घळींत यांतील एकाहि गोष्टीला जागा नव्हती. तेथें ब्रेस्ट-स्ट्रोक काय, क्रॉल काय, माणसाचे हात कवडीमोलाचे. वेबला हें कळत नव्हतें असें आम्हांला वाटत नाहीं. तो खलाशी होता, पाणी ओळखणारा होता. घरीं तरुण पत्नी व दोन तान्हीं लेंकरें असलेल्या माणसाला दुसरा रस्ता दिसला नाहीं, हीच त्यांतील दुःखाची गोष्ट. जे लोक त्याच्या खेळांना पैसे देऊन टाळ्या वाजवीत होते, त्यांपैकीं कोणालाहि त्याला एखाद्या शाळेंत पोहणें शिकविण्याची कायमची जागा द्यावी असें सुचलें नाहीं.

त्याची कबर नायगारा गांवच्या ओकवुड दफनभूमींत आहे. १९०९ सालीं डॉली येथें त्याच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ उभारण्यांत आला, आणि त्याचें उद्घाटन त्याच्या बंधूच्या हस्तें झालें. खाडी दुसऱ्यांदा पोहून जाण्यास माणसाला ३६ वर्षें लागलीं. १९११ सालीं टॉमस बर्जेस यानें तें केलें, आणि त्यालाहि वेबपेक्षां अधिक वेळ लागला. दरम्यान ऑस्ट्रेलियांत कॅव्हिल घराण्यांतील बंधु व सॉलोमन बेटांतून आलेला अ‍ॅलिक विकहॅम यांच्या पोहण्यांतून क्रॉलची तऱ्हा नांवारूपास आली, आणि १९२६ सालीं गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीनें डोळ्यांना चष्मा लावून, क्रॉलनें ही खाडी सुमारें साडेचौदा तासांत ओलांडली. असें करणारी ती पहिली स्त्री. आणि तिच्यापूर्वीं पोहून गेलेल्या पांचहि पुरुषांचा वेळ तिनें मागें टाकला.

आमच्या देशापर्यंत ही कथा मिहिर सेन यांच्यामुळें येऊन पोंचते. बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला गेलेल्या या बंगाली गृहस्थांनींहि एका पोहणाऱ्या स्त्रीची हकीकत वर्तमानपत्रांत वाचली, आणि वेबप्रमाणेंच त्यांच्याहि मनांतून ती जाईना. त्यांना पोहण्याचा फारसा अनुभव नव्हता. तेथील वाय. एम. सी. ए. च्या तलावावर, विशी उलटल्यानंतर, त्यांनीं धडे घेण्यास आरंभ केला आणि क्रॉल अंगवळणीं पडेपर्यंत त्याच एका तऱ्हेवर मेहनत घेतली. कांहीं प्रयत्न फसले. मग १९५८ सालच्या सप्टेंबरच्या २७ तारखेस, वेबनें घेतली होती त्याच दिशेनें, डोव्हरहून निघून १४ तास ४५ मिनिटांत ते फ्रान्सच्या किनाऱ्यास लागले. वेबला तेंच पाणी ओलांडण्यास बरोबर सात तास अधिक लागले होते.